फलंदाजीचा किताब आणि अपूर्णांकाचा छेद

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या २०२४ च्या मोसमातले हे दोन अपूर्णांक बघा. अंशात हिट म्हणजे यशस्वी फटके, छेदात मिळालेल्या संधी. लुइस अराएझ : २०० भागिले ६३७. शोहेइ ओहतानी : १९७ भागिले ६३६. पहिल्याचं उत्तर .३१४, दुसऱ्याचं .३१०. त्यामुळे नॅशनल लीगच्या (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक, दुसरा अमेरिकन लीग) फलंदाजी सरासरीच्या यादीत अराएझ पहिला आणि ओहतानी दुसरा. त्या लीगमध्ये सर्वाधिक ५४ होम रन, म्हणजे मैदानाबाहेर टोलवलेले फटके, ओहतानीचे होते. फटक्यांवर संघाला मिळवून दिलेल्या धावाही त्याच्याच सर्वाधिक, १३०. सरासरीतही तोच पुढे असता, तर ‘ट्रिपल क्राउन’ नावाचा तिहेरी मान त्याच्याकडे गेला असता. नॅशनल लीगमध्ये हा मान १९३७ साली जो मेडविकला मिळाला, त्यानंतर आजवर कुणालाही नाही. ओहतानीला कमी काय पडलं? सहा महिन्यांच्या मोसमात तीन हिट. तेवढ्याच संधींत आणखी तीन हिट बसल्या असत्या तर २०० भागिले ६३६ झालं असतं आणि किताब त्याचा होता.

मोसमाच्या शेवटी सरासरीच्या यादीत जो सर्वांत वर असतो त्याला ‘बॅटिंग चॅम्पियन’ म्हणतात. अमेरिकन लीगचा एक आणि नॅशनल लीगचा एक, असे दरवर्षी दोन. यादी वाचताना सगळ्यांची नजर अंशावर, म्हणजे हिटवर जाते. मला मात्र या किताबाच्या जवळपास दीडशे वर्षांच्या इतिहासातली बरीचशी भांडणं, पळवाटा आणि अन्याय छेदात सापडतात.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाने आधी एक सवय बाजूला ठेवायला हवी. आपली सरासरी म्हणजे एकूण धावा भागिले किती वेळा बाद झाला ती संख्या. ब्रॅडमनच्या ६९९६ धावा आणि ७० वेळा बाद, म्हणून ९९.९४. नाबाद राहिलेला डाव छेदात धरत नाहीत. बेसबॉलमध्ये धावांचा इथे काही संबंधच नाही. फलंदाज बाद होईपर्यंत खेळत राहतो असंही नाही. नऊ जण ठरलेल्या क्रमाने येतात, प्रत्येकाची पाळी मिनिट-दोन मिनिटांत संपते आणि एका सामन्यात त्याला अशा चार-पाच पाळ्या मिळतात. प्रश्न एवढाच की संधी मिळाली तेव्हा हिट बसली का? दहापैकी तीनदा बसली तर तो चांगला फलंदाज. हे लिहिताना दशांशचिन्हाआधीचं शून्य गाळतात आणि तीन अंक लिहितात, .३००. बोलताना म्हणतात ‘थ्री हंड्रेड’. दहापैकी सात वेळा हात हलवत परत येणारा माणूस कोट्यधीश होतो, असा हा खेळ आहे. याला कारण पिचर, म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज. आजच्या मेजर लीगमध्ये वेगवान चेंडूचा सरासरी वेग ताशी ९४ मैलांच्या आसपास, म्हणजे दीडशे किलोमीटर आहे. साडेसाठ फुटांवरून सुटलेला तो चेंडू साधारण ०.४ सेकंदात फलंदाजापाशी पोचतो, तोही टप्पा न पडता आणि अनेकदा शेवटच्या क्षणी वळून.

हिट कशाला म्हणायचं हेही वाटतं तितकं सरळ नाही. चेंडू मैदानाच्या वैध भागात टोलवला आणि क्षेत्ररक्षकाच्या चुकीशिवाय फलंदाज बेसवर, म्हणजे धावताना गाठायच्या थांब्यावर, पोचला, तर हिट. हातातला चेंडू निसटला म्हणून तो वाचला असेल तर ती क्षेत्ररक्षकाची ‘एरर’. ही वेळ फलंदाजाच्या छेदात धरतात, अंशात नाही. म्हणजे बेसवर सुखरूप उभा राहूनही सरासरी घसरते! चूक होती की चेंडूच अवघड होता, हे पंच ठरवत नाही. लीगने नेमलेला ऑफिशियल स्कोअरर पत्रकार कक्षात बसून ते ठरवतो, आणि त्याचा निर्णय नंतर बदलूही शकतो. मोसमात अशा दोन-चार निर्णयांचा कल इकडचा तिकडे झाला तर किताब हलू शकतो. आकडा तीन दशांश स्थळांपर्यंत काढलेला असला तरी त्याच्या तळाशी एका माणसाचं मत आहे, हे विसरून चालत नाही.

आता छेद. फलंदाज खेळायला उभा राहिला की ती झाली ‘प्लेट अपिअरन्स’. सरासरीच्या छेदात मात्र ‘ॲट-बॅट’ येतात आणि त्यांची संख्या त्याहून कमी असते. पिचरने चार चेंडू फटक्यासाठी ठरलेल्या चौकटीबाहेर टाकले आणि फलंदाजाने बॅट आवरली, तर त्याला पहिला बेस फुकट मिळतो. हा ‘वॉक’. चेंडू अंगावर बसला तरी बेस मिळतो. साथीदाराला पुढे सरकवण्यासाठी मुद्दाम हलकासा बंट (बॅट नुसती आडवी धरून दिलेला टोला) करून स्वतः बाद झाला, किंवा उंच फटका देऊन बाद होताना तिसऱ्या बेसवरच्या साथीदाराला घरी आणलं, म्हणजे धाव मिळवून दिली, तर तो ‘सॅक्रिफाइस’. या कुठल्याच गोष्टी ॲट-बॅटमध्ये धरत नाहीत. अराएझची २०२४ मधली प्लेट अपिअरन्स ६७२ आणि ॲट-बॅट ६३७. ओहतानी तब्बल ७३१ वेळा उभा राहिला, पण ॲट-बॅट ६३६. ओहतानीला ८१ वॉक मिळाले, अराएझला अवघे २४. छेद जवळजवळ सारखे, पण त्यांच्यामागचे मोसम अगदी वेगळे.

हा हिशेब कुठून आला, त्यात क्रिकेटचा हात आहे. इंग्लंडमधल्या एक्सेटरमध्ये १८२४ साली जन्मलेला हेन्री चॅडविक लहानपणी अमेरिकेत आला, आधी क्रिकेटच्या बातम्या लिहू लागला आणि मग बेसबॉलच्या प्रेमात पडला. सामन्याचा आकडेवार गोषवारा म्हणजे बॉक्स स्कोअर रुळवण्याचं श्रेय त्यालाच देतात. सुरुवातीच्या सरासऱ्या क्रिकेटच्या वळणाच्या, धावा मोजणाऱ्या होत्या. पुढे हिट भागिले ॲट-बॅट हे सूत्र आलं आणि १८७६ मध्ये नॅशनल लीग सुरू झाली तेव्हा तेच वापरात होतं. पहिला विजेता रॉस बार्न्स, सरासरी .४२९. नियम मात्र अजून ओले होते. १८८७ या एका मोसमात वॉकलाही हिट धरण्याची टूम निघाली, सगळ्यांच्या सरासऱ्या फुगल्या आणि पुढच्याच वर्षी ती गुंडाळावी लागली.

आता खरी मेख. समजा एक खेळाडू मोसमात एकदाच खेळला आणि त्याने हिट मारली. त्याची सरासरी १.०००. तो चॅम्पियन का नाही? म्हणून किमान संधींची अट घालावी लागते. ही अट काय असावी यावर बेसबॉलने बराच काळ डोकं खाजवलं आणि दरम्यान काही जणांचं नुकसान केलं.

सर्वांत गाजलेलं उदाहरण १९५४ चं. बोस्टन रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सचं कॉलरबोन मोसमापूर्वीच्या सरावात मोडलं आणि सुरुवातीचे बरेच सामने हुकले. परत आल्यावर त्याने .३४५ ची सरासरी ठेवली. किताब मात्र क्लीव्हलँडच्या बॉबी आविलाला गेला, .३४१ वर. कारण तेव्हाचा नियम होता किमान ४०० ॲट-बॅटचा आणि विल्यम्सच्या ३८६ च भरल्या. तो खेळला कमी का? तर नाही. ५२६ वेळा तो प्लेटवर उभा राहिला होता. पण पिचर त्याला इतके घाबरत की १३६ वेळा त्यांनी त्याला वॉक दिला, आणि वॉक ॲट-बॅटमध्ये मोजत नाहीत. म्हणजे भीतीपोटी त्याला खेळूच दिलं नाही आणि मग ‘तू पुरेसा खेळला नाहीस’ म्हणून यादीतून उडवलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा! या प्रकरणावर टीका झाली आणि १९५७ पासून अट प्लेट अपिअरन्सची झाली : संघाच्या प्रत्येक सामन्यामागे ३.१. आज मोसम १६२ सामन्यांचा, म्हणून ५०२.

या अटीत एक देखणी पळवाट आहे आणि ती न्याय्यही आहे. एखाद्याला ५०२ ला काही पाळ्या कमी पडल्या, तर तेवढ्या पाळ्या तो बिनहिटीच्या खेळला असं समजून त्याची सरासरी पुन्हा काढायची. तरीही तो सर्वांच्या वर राहिला तर किताब त्याचाच. १९९६ मध्ये सॅन डिएगोचा टोनी ग्विन असाच अडकला होता. प्लेट अपिअरन्स ४९८, चार कमी. ४५१ ॲट-बॅटमध्ये १५९ हिट, सरासरी .३५३. छेदात चार वाढवले, अंश तोच ठेवला : १५९ भागिले ४५५, म्हणजे .३४९. दुसऱ्या क्रमांकावरचा एलिस बर्क्स .३४४ वर होता. ग्विन जिंकला. त्याच्या आठ किताबांपैकी हा एक.

याच नियमाने २०१२ मध्ये भलताच पेच टाकला. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा मेल्की काब्रेरा ऑगस्टमध्ये टेस्टोस्टेरॉन घेतल्याबद्दल ५० सामन्यांसाठी निलंबित झाला. तेव्हा त्याची सरासरी .३४६ होती आणि प्लेट अपिअरन्स ५०१. एक कमी! एक बिनहिटीची पाळी जोडली तरी तो किताब जिंकत होता. उत्तेजक घेऊन पकडलेला माणूस घरी बसून चॅम्पियन होणार, अशी वेळ आली. शेवटी काब्रेरानेच आपल्याला या शर्यतीतून वगळावं अशी विनंती केली. लीग आणि खेळाडू संघटना यांनी त्या मोसमापुरती नियमाला मुरड घातली आणि किताब त्याच्याच संघातल्या बस्टर पोझीला मिळाला, .३३६ वर. काब्रेराने हे मनापासून केलं की सल्ल्यावरून, यावर तर्क करण्यात अर्थ नाही. केलं ते शहाणपणाचं केलं.

आणखी एक गंमत १९९० ची. सेंट लुइस कार्डिनल्सच्या विली मॅगीने ऑगस्टच्या अखेरीपर्यंत .३३५ ची सरासरी जमवली आणि पुरेशा पाळ्याही खेळून झाल्या. तेवढ्यात त्याला ओकलंडला देऊन टाकलं, म्हणजे तो नॅशनल लीगमधून अमेरिकन लीगमध्ये गेला. लीग बदलली की नवा हिशेब सुरू होतो, पण जुना पुसला जात नाही. त्याची .३३५ तिथेच गोठून राहिली. लॉस एंजेलिस डॉजर्सचा एडी मरे शेवटपर्यंत झगडून .३३० वर थांबला. अमेरिकन लीगचा विजेता जॉर्ज ब्रेट .३२९ वर होता, आणि मॅगीची दोन्ही लीग मिळून सरासरी मरेपेक्षा कमी भरत होती. म्हणजे त्या वर्षीच्या मेजर लीगमधला सर्वांत चांगल्या सरासरीचा फलंदाज मरे, आणि किताब एकही नाही. मॅगी तर नॅशनल लीग सोडून गेलेला असताना तिचा चॅम्पियन झाला.

हे झालं नियमांचं. माणसांनी काय दिवे लावले ते बघायचं तर १९१० कडे जावं लागतं. चामर्स कंपनीने जाहीर केलं होतं की सर्वोत्तम सरासरीच्या फलंदाजाला मोटार भेट. तेव्हा मोटार म्हणजे काय अप्रूप असेल याची कल्पना करा. डेट्रॉइटचा टाय कॉब आणि क्लीव्हलँडचा नॅप लाजवे यांच्यात चुरस लागली. कॉब अफाट खेळाडू, पण स्वभावाने असा की प्रतिस्पर्ध्यांना तो जिंकायला नकोच होता. आघाडीवर आहोत या समजुतीने त्याने शेवटचे दोन सामने खेळायचंच टाळलं. ९ ऑक्टोबरला क्लीव्हलँडचे सेंट लुइस ब्राउन्सशी एकाच दिवशी दोन सामने होते. ब्राउन्सचा मॅनेजर जॅक ओ’कॉनर याने आपला नवखा थर्ड बेसमन रेड कॉरिडन याला खूप मागे उभं राहायला सांगितलं. लाजवेच्या लक्षात आलं. तो थर्ड बेसच्या दिशेने हलकेच बंट करत राहिला आणि आरामात पहिल्या बेसवर पोचत राहिला. दिवसअखेर आठ हिट, त्यातल्या बहुतेक सगळ्या बंट. स्कोअररने आणखी एक हिट धरावी म्हणून त्याला नव्या सुटाचं आमिष दाखवल्याचंही नमूद आहे.

बोभाटा झाला. ओ’कॉनरची नोकरी गेली. अमेरिकन लीगचा अध्यक्ष बॅन जॉन्सन याने चौकशी करून कॉबला विजेता ठरवलं, .३८५ विरुद्ध .३८४, आणि चामर्सने शहाणपण दाखवून दोघांनाही मोटारी दिल्या. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण १९८१ मध्ये जुन्या वह्या तपासताना असं उघड झालं की कॉबच्या एका सामन्याची नोंद, तीनपैकी दोन हिट, दोनदा धरली गेली होती. ती काढली की लाजवे पुढे जातो. तेव्हाचा बेसबॉल कमिशनर बोवी कून याने निकाल बदलायला नकार दिला. म्हणजे एका बाजूला लबाडीने मिळालेल्या हिट, दुसऱ्या बाजूला वहीतली दुबार नोंद. माझ्या मते दोघांना मोटारी देणारी कंपनीच सगळ्यांत न्यायी ठरली.

किती बारीक फरकाने किताब जातो याचा नमुना १९४९ मध्ये आहे. अमेरिकन लीगमध्ये जॉर्ज केलच्या ५२२ ॲट-बॅटमध्ये १७९ हिट आणि टेड विल्यम्सच्या ५६६ मध्ये १९४. तीन अंकांपर्यंत दोघेही .३४३. चौथ्या अंकावर केल पुढे : .३४२९ आणि .३४२८. होम रन आणि धावांच्या यादीत विल्यम्स वर होताच, त्यामुळे त्याचा तिसरा ट्रिपल क्राउन एका हिटच्या अंतरावर राहिला. (त्याच वर्षी नॅशनल लीगचा किताब .३४२ वर जॅकी रॉबिन्सनने घेतला. मेजर लीगने काळ्या खेळाडूंना दारं बंद ठेवली होती, ती १९४७ मध्ये त्याच्यासाठी उघडून दोनच वर्षं झाली होती.)

विल्यम्सचं नाव पुन्हा पुन्हा येतंय, त्याला इलाज नाही. .४०० चा विषय निघाला की त्याच्याशिवाय पुढे जाताच येत नाही. मोसमभर .४०० च्या वर राहणं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अवघड असलं तरी अधूनमधून घडत असे. रॉजर्स हॉर्न्सबीने १९२४ मध्ये .४२४ केली होती. नॅशनल लीगमध्ये शेवटचा .४०० बिल टेरीचा, १९३० मध्ये, .४०१. अमेरिकन लीगमध्ये १९४१ च्या मोसमाचा शेवटचा दिवस उजाडला २८ सप्टेंबरला, फिलाडेल्फियात, दोन सामन्यांसह. विल्यम्सच्या ४४८ ॲट-बॅटमध्ये १७९ हिट होत्या : .३९९५५. पूर्णांकित केलं की .४००. मॅनेजर जो क्रोनिनने बाहेर बसायची मुभा दिली होती. तेवीस वर्षांचा विल्यम्स दोन्ही सामने खेळला. पहिल्यात पाचपैकी चार हिट. तेव्हाच काम फत्ते झालं होतं, तरी दुसऱ्यातही उतरला आणि तीनपैकी दोन मारल्या. १८५ भागिले ४५६, .४०६. साथीदाराला घरी आणणारे उंच फटके तेव्हा छेदातून वगळत नसत, म्हणजे आजच्या नियमाने त्याची सरासरी आणखी वर गेली असती. सात वर्षांनी, १९४८ मध्ये, ओव्हलवर ब्रॅडमन शेवटच्या डावाला आला. शंभराच्या सरासरीला चार धावा हव्या होत्या आणि तो शून्यावर गेला. दोन्ही खेळ मानणाऱ्यांनी या दोन दिवसांची तुलना खुशाल करावी.

विल्यम्सच्या त्या दिवसाला बरोबर सत्तर वर्षं झाली तेव्हा, २८ सप्टेंबर २०११ रोजी, न्यूयॉर्क मेट्सचा होसे रेयेस नॅशनल लीगच्या किताबासाठी शेवटचा सामना खेळायला उतरला. पहिल्याच पाळीत बंट करून हिट मिळवली आणि लगेच सामन्यातून बाहेर पडला. रायन ब्रॉन मागे राहिला, .३३७ विरुद्ध .३३२. नियमात सगळं बसतं. पण मेट्सच्या इतिहासातला पहिला बॅटिंग किताब असूनही त्याच्या गोडीत खडा लागला तो लागलाच.

१९४१ नंतर मेजर लीगमध्ये पूर्ण मोसम कुणीही .४०० वर संपवला नाही. १९८० मध्ये कॅन्सस सिटीचा जॉर्ज ब्रेट सप्टेंबरपर्यंत झुंजला आणि .३९० वर थांबला. १९९४ मध्ये टोनी ग्विन .३९४ वर असताना १२ ऑगस्टला खेळाडूंचा संप सुरू झाला आणि उरलेला मोसम झालाच नाही. ४१९ पैकी १६५. आणखी तीन हिट असत्या तर .४०१. मोसम झाला असता तर तो चढला असता की घसरला असता, हा वाद आजही रंगतो.

.४०० नाहीसा का झाला? पहिलं उत्तर सुचतं ते म्हणजे आता विल्यम्ससारखे फलंदाज राहिले नाहीत. जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी याच्या उलट मांडणी केली. लीगची एकूण सरासरी बराच काळ .२६० च्या आसपास राहिली आहे, कारण तोल एका बाजूला गेला की नियम बदलून तो सावरला जातो. १९६८ मध्ये पिचर इतके शिरजोर झाले की अमेरिकन लीगचा विजेता कार्ल यस्त्रझेम्स्की .३०१ वर जिंकला. लगेच पुढच्या मोसमासाठी पिचर उभा राहतो तो उंचवटा १५ इंचांवरून १० वर आणला. तेव्हा मध्य साधारण जागेवरच राहतो. बदलते ती दोन्ही टोकं. जुन्या काळी लीगमध्ये अगदी कच्चे पिचर आणि क्षेत्ररक्षकही असत, त्यांच्यावर हात धुऊन घेता येत असे. सगळ्यांचाच दर्जा वाढला तसे तळाचे आणि शिखराचे खेळाडू मधल्याच्या जवळ आले. म्हणजे .४०० चं नाहीसं होणं हे खेळ सुधारल्याचं लक्षण आहे. मला हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, जरी म्हाताऱ्या चाहत्यांना तो पटवणं कठीण असलं तरी.

मेजर लीगचा हा इतिहास अनेक वर्षं अर्धाच सांगितला जात होता. मे २०२४ मध्ये लीगने १९२० ते १९४८ दरम्यानच्या नीग्रो लीगची, म्हणजे काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगची, आकडेवारी अधिकृत नोंदींत सामील केली. त्याबरोबर कारकिर्दीतल्या सर्वोत्तम सरासरीच्या यादीत टाय कॉब (.३६७) खाली सरकला आणि जोश गिब्सन (.३७२) वर आला. एका मोसमाची सर्वोच्च सरासरीही आता त्याचीच, १९४३ ची .४६६. इथे आक्षेप येतो तो पुन्हा छेदाचाच : त्या लीगचे नोंदवले गेलेले मोसम छोटे असत. खरं आहे. पण ते छोटे का राहिले, हे वर्णभेदाच्या भिंतीकडे न बघता सांगता येत नाही. गिब्सन १९४७ च्या जानेवारीत वारला, रॉबिन्सन मेजर लीगमध्ये उतरण्याच्या तीन महिने आधी.

एवढं सगळं सांगून झाल्यावर कबूल करायला हवं की सरासरी हे फलंदाज मोजायचं तसं ढोबळ माप आहे. पहिल्या बेसपर्यंत नेणारा टुकार बंट आणि मैदानाबाहेर गेलेला होम रन, दोन्ही एक हिट. २०२४ मध्ये अराएझचे होम रन चार, ओहतानीचे ५४, आणि सरासरीला हा फरक दिसतच नाही. वॉकही ती मोजत नाही. २००४ मध्ये बॅरी बॉन्ड्सने .३६२ वर किताब घेतला. छेदात ॲट-बॅट फक्त ३७३, कारण त्याला २३२ वॉक मिळाले होते! तो जवळपास दहापैकी सहा वेळा बेसवर पोचत होता आणि सरासरी सांगते साडेतीनदा. म्हणून आज संघाचे हिशेबनीस आधी ‘ऑन-बेस पर्सेंटेज’ बघतात, ज्यात वॉक धरतात, आणि ‘स्लगिंग’ बघतात, ज्यात फटक्याने किती बेस मिळाले ते मोजतात. या मापांनी २०२४ चा ओहतानी अराएझच्या कितीतरी पुढे होता आणि नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडूही तोच एकमताने ठरला.

शिवाय नशीब. ५०० ॲट-बॅटमध्ये १२५ हिट म्हणजे .२५०, १५० हिट म्हणजे .३००. एक सामान्य, एक नावाजलेला. फरक २५ हिटचा, म्हणजे सहा महिन्यांत आठवड्याला साधारण एक. दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून निसटलेला एक मरतुकडा चेंडू.

यादी वाचताना मोसमातला महिना बघायला विसरू नका. एप्रिलमध्ये ४० पैकी १६ हिट असलेला फलंदाज .४०० वर असतो. एक दिवस चारपैकी एकही बसली नाही की .३६४. सप्टेंबरमध्ये ५०० पैकी १६५ असलेल्याचा तसाच वाईट दिवस गेला तर .३३० ची .३२७ होते, इतकंच. छेद वाढला की सरासरी जड होते आणि हलेनाशी होते. त्यामुळे एप्रिलमध्ये ‘यंदा .४०० होणार का?’ असे मथळे दरवर्षी येतात आणि जूनपर्यंत विरतात. माझा सल्ला : जूनपर्यंत ते वाचूच नका.

अलीकडची वर्षं तर फलंदाजांना फारच कठीण गेली आहेत. पिचरचा वेग वाढला, एका सामन्यात पाच-सहा ताज्या दमाचे पिचर येऊ लागले, आणि फलंदाजही होम रनच्या मागे लागून सर्रास स्ट्राइकआउट, म्हणजे फटका न बसताच बाद, होऊ लागले. क्षेत्ररक्षक एका बाजूला गोळा करण्याची युक्ती २०२३ पासून नियमाने बंद केली, तेव्हा लीगची सरासरी .२४३ वरून .२४८ झाली आणि २०२४ मध्ये पुन्हा .२४३ वर आली. २०२४ च्या मोसमात दोन्ही लीग मिळून फक्त सात पात्र फलंदाज .३०० च्या घरात होते. २०२५ मध्ये अमेरिकन लीगचा किताब ॲरन जजने घेतला, .३३१ वर, तोही ५३ होम रन मारून. नॅशनल लीगमध्ये फिलाडेल्फियाचा ट्रे टर्नर .३०४ वर जिंकला. त्या लीगच्या इतिहासात इतक्या कमी सरासरीवर कुणी चॅम्पियन झालं नव्हतं. त्याच्यामागे .३०० गाठलेला दुसरा एकही पात्र फलंदाज त्या लीगमध्ये नव्हता.